इंटरनेट नसताना विकत घेतलेला गेम का उघडत नाही? खरेदीपूर्वी नेमके काय तपासावे?

शास्त्रीकाठ (संगमेश्वर) यांचा प्रश्न

नमस्कार. मी संगमेश्वर तालुक्यात राहतो. आमच्याकडे फायबरची जोडणी आहे आणि एरवी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण पावसाळ्यात झाड पडून, दरड येऊन किंवा रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली, की ती पूर्ववत होईपर्यंत कधी एक दिवस जातो, तर कधी आठवडा. वीज गेल्यावर मोबाइलचे टॉवरही फार काळ तग धरत नाहीत. घरात इन्व्हर्टर असल्यामुळे संगणक मात्र चालू राहतो. अशा वेळी एकट्याने खेळायचा एखादा गेम निवांतपणे खेळावा, एवढीच माझी अपेक्षा असते आणि नेमका त्याच वेळी तो उघडत नाही.

मागच्या पावसाळ्यात एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मी एक गेम पूर्ण किंमत देऊन घेतला. त्यात दुसऱ्या खेळाडूंचा काही संबंध नाही, कथा एकट्याचीच आहे आणि सगळ्या फायली माझ्या हार्ड डिस्कवर उतरवलेल्या आहेत. तरीही तो सुरू केला की आधी दुकानाचा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) उघडतो, मग प्रकाशकाचा स्वतःचा दुसरा लाँचर उघडतो आणि तो पुन्हा वेगळ्या खात्याचे लॉगिन मागतो. नेट बंद असेल तर गोष्ट तिथेच थांबते. पैसे परत मागितले, तर ‘परताव्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ तुम्ही खेळला आहात’ असे ठरीव उत्तर आले. पावसाळा सुरू होईपर्यंत ही अडचण कळण्याचा काही मार्गच नव्हता, हे मी लिहून पाठवले. पण माणसाने लिहिलेले उत्तर शेवटपर्यंत मिळाले नाही.

याखेरीज दुसरा एक प्रकार घडला. नेट नसलेल्या काळात एका वेगळ्या गेममध्ये मी बराच पुढे गेलो होतो. जोडणी परत आल्यावर क्लाउडवरची जुनी सेव्ह फाइल खाली उतरली आणि माझी नवी प्रगती पुसली गेली.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. खरेदी करण्यापूर्वी, हा गेम नेटशिवाय चालेल की नाही हे कसे ओळखावे? आधीच घेतलेले गेम आपल्याजवळ टिकवून ठेवण्याचा वैध मार्ग कोणता? आणि पैसे मोजलेल्या ग्राहकाला आपल्या कायद्यात काही आधार आहे का? ‘चोरीची प्रत घ्या’ असा सल्ला कृपया देऊ नये. मला ज्यांनी गेम तयार केला त्यांना पैसे द्यायचेच आहेत.

हार्डडिस्क_कोल्हापूर

नमस्कार. तुमच्या प्रश्नात ‘नेट लागते’ या एकाच तक्रारीत चार निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. त्या वेगळ्या केल्याशिवाय उपाय सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट दुकानाच्या लाँचरची. स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान २००३ साली सुरू झाले आणि २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आल्यावर, डिस्कवर विकत घेतलेला गेमसुद्धा ऑनलाइन खात्याशी जोडल्याशिवाय सुरू होणार नाही, ही पद्धत लाखो लोकांच्या अंगवळणी पडली. मात्र स्टीममध्ये ऑफलाइन मोड आहे आणि तो नीट तयारी केली असेल तर व्यवस्थित चालतो. त्यासाठी नेट चालू असतानाच त्या संगणकावर लॉगिन जतन केलेले असावे लागते, गेमचे सगळे अपडेट पूर्ण झालेले असावे लागतात आणि तो गेम एकदा तरी प्रत्यक्ष उघडलेला असावा लागतो. अर्धवट उतरलेला अपडेट हे ऑफलाइन मोड फसण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाशकाचा लाँचर आणि त्याचे वेगळे खाते. तुमचा गेम इथेच अडला आहे. दुकानाचा ऑफलाइन मोड कितीही चांगला असला तरी हा दुसरा दरवाजा त्याच्या ताब्यात नसतो. स्टीमवर प्रत्येक गेमच्या पानाच्या उजव्या बाजूला, वैशिष्ट्यांच्या यादीजवळ, ‘दुसऱ्या कंपनीचे खाते आवश्यक’ किंवा ‘दुसऱ्या कंपनीचे डीआरएम’ (म्हणजे प्रतीवरचे डिजिटल कुलूप) अशी सूचना वेगळ्या रंगाच्या चौकटीत दिलेली असते. किंमत आणि सवलत पाहण्याआधी ती चौकट पाहावी.

तिसरी गोष्ट डेन्युव्होसारख्या, चोरीच्या प्रती रोखणाऱ्या यंत्रणेची. २०१४ पासून ती मोठ्या गेममध्ये दिसू लागली. ती असलेला गेम नव्या संगणकावर पहिल्यांदा उघडताना नेटवरून परवानगी घेतो. हार्डवेअर बदलले किंवा मोठा अपडेट आला तर ती पुन्हा घ्यावी लागते आणि काही गेममध्ये ठरावीक मुदतीनेही घ्यावी लागते. त्यामुळे काल चालणारा गेम आज नेटशिवाय अडतो आणि आपल्याला कारण कळत नाही. काही गेमच्या पानावर तर एका दिवसात पाचच वेगवेगळ्या संगणकांवर सक्रिय करता येईल, अशी मर्यादाही लिहिलेली असते.

चौथी गोष्ट मात्र खरी गरज असते. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’च्या २०२० च्या आवृत्तीत पृथ्वीची छायाचित्रे आणि उंचसखलपणा यांचा सुमारे दोन पेटाबाइट, म्हणजे वीस लाख गिगाबाइट माहितीसाठा सर्व्हरवर होता, तो कोणाच्या घरी मावणार नाही, हे उघड आहे. परंतु २०२४ च्या आवृत्तीत विमाने आणि इतर साहित्यही मोठ्या प्रमाणावर नेटवरून ओढण्याची पद्धत स्वीकारली गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडून अनेकांना प्रवेशच मिळाला नाही. नकाशासाठी नेट लागणे मी समजू शकतो, पण आपण निवडलेले विमान धावपट्टीवर आणण्यासाठीही ते लागावे, हे मला पटत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. ‘पीसीगेमिंगविकी’ या संकेतस्थळावर गेमचे नाव शोधले की तो कोणत्या दुकानात कोणत्या डीआरएमसह मिळतो, त्याच्या सेव्ह फायली नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये असतात आणि क्लाउडवर त्या जातात की नाही, हे तक्त्यात दिलेले असते. स्टीमवर घेतलेल्या ज्या गेमना लाँचर लागतच नाही, फोल्डरमधली मूळ फाइल थेट उघडली तरी जे चालतात, त्यांची स्वतंत्र यादीही तिथे आहे आणि ती बरीच मोठी आहे. मी हे पान पाहिल्याशिवाय काहीही विकत घेत नाही.

शक्य असेल तेव्हा जीओजी या दुकानातून घ्यावे. २००८ मध्ये पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने ते सुरू केले आणि तिथल्या गेमचा संपूर्ण इन्स्टॉलर उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येतो. नंतर तो बसवताना आणि एकट्याने खेळताना कोणालाही विचारावे लागत नाही. ‘द विचर ३’सारखा मोठा गेमही २०१५ साली पहिल्या दिवसापासून तिथे कोणत्याही कुलपाशिवाय विकला गेला, त्यामुळे डीआरएमशिवाय धंदाच होत नाही हे म्हणणे मी तरी मान्य करत नाही. मोठे इन्स्टॉलर अनेक तुकड्यांत येतात. सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि उतरल्यावर एकदा बसवून पाहावेत.

म्युनिकहून_मंदार

वरील उत्तर उपयुक्त आहे, परंतु त्यात एक बाब राहिली. तुमची केबल तुटली तर ती आठवड्याने जोडली जाते. प्रकाशकाने सर्व्हर बंद केला तर तो गेम कायमचा जातो, मग तुमचे नेट कितीही चांगले असो. मी जर्मनीत राहतो, इथे नेट क्वचितच बंद पडते, आणि तरीही हा प्रश्न इथे तितकाच तीव्र आहे.

‘द क्रू’ हा युबीसॉफ्टचा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात अमेरिकेचा छोट्या प्रमाणातला नकाशा होता आणि तो एकट्याने गाडी चालवत हिंडण्यासाठी अनेकांना प्रिय होता, पण एकट्याने खेळतानाही सर्व्हरशी जोडलेले राहणे सक्तीचे होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची विक्री थांबली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले. त्यानंतर लोकांच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेण्यात आला. ज्यांच्याकडे दुकानातून आणलेली डिस्क होती त्यांच्या हातातही काही उरले नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉस स्कॉट या यूट्यूबवर लेखन-निवेदन करणाऱ्या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली आणि तिच्यातून युरोपीय संघात अधिकृत नागरिक-पुढाकार दाखल झाला. अशा पुढाकारावर फक्त संघातील देशांच्या नागरिकांना सही करता येते, केवळ इथे राहणाऱ्यांना येत नाही. मी जर्मन नागरिकत्व घेतलेले असल्यामुळे मला सही करता आली. जुलै २०२५ अखेरीस मुदत संपली तेव्हा १० लाखांची आवश्यक संख्या ओलांडून सह्या १४ लाखांच्या पुढे गेल्या होत्या. मागणी अगदी मर्यादित आहे. सर्व्हर जन्मभर चालवा असे कोणी म्हणत नाही. पाठिंबा थांबवताना विकलेला गेम खेळण्याजोग्या अवस्थेत सोडून द्या, इतकेच म्हणणे आहे. आणि हे अशक्य नाही, कारण युबीसॉफ्टनेच सप्टेंबर २०२४ मध्ये या मालिकेतील पुढच्या गेमसाठी ऑफलाइन सोय देण्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये ‘द क्रू २’मध्ये ती आली.

ज्या सेवांमध्ये गेम तुमच्या संगणकावर उतरतच नाही, केवळ चित्र येते, त्यांच्याबद्दलही सांगतो. गूगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये जर्मनीसह १४ देशांत सुरू झाली. तिथे लोक पूर्ण किमतीला गेम विकत घेत. १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. गूगलने गेमचे आणि स्वतःच्या दुकानातून विकलेल्या कंट्रोलरचे पैसे परत दिले, हे न्याय्य वागणे होते आणि ते मान्य केले पाहिजे. पण हा परतावा त्या कंपनीला परवडला आणि तिने तो स्वखुशीने दिला. सर्वांकडून तशी अपेक्षा धरता येत नाही. त्याआधी २०१५ मध्ये ऑनलाइव्ह ही याच प्रकारची सेवा बंद पडली होती. म्हणून माझे मत असे आहे की क्लाउडवरचा गेम महिन्याच्या वर्गणीने खेळावा, पण तिथे पूर्ण किमतीची खरेदी कधीही करू नये.

कोथरूडचा_प्रोग्रॅमर

मी गेम बनवणाऱ्या एका लहान संघात काम करतो. ग्राहकाचा राग समजतो, तरी आतली अडचणही कळावी म्हणून लिहितो.

सर्व्हरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा लोकांना देणे बहुतेक वेळा शक्य नसते, कारण त्यात इतर कंपन्यांकडून भाड्याने घेतलेले भाग असतात, ते पुढे वाटण्याचा अधिकार आमच्याकडे नसतो. मोटारींच्या गेममध्ये गाड्यांच्या नाममुद्रा आणि गाणी यांचे करार मुदतीचे असतात, त्यामुळे जुना गेम विक्रीतून काढावा लागतो. मात्र विक्री थांबवणे आणि आधी विकलेली प्रत निकामी करणे या दोन गोष्टी एक नाहीत, आणि दुसरीचे समर्थन मी करू शकत नाही.

हे सगळे पहिल्या दिवशी ठरवले तर स्वस्तात होते आणि शेवटी ठरवले तर फार महाग पडते. मार्च २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ हा शहर उभारण्याचा गेम आला तेव्हा शहराचे काही गणित सर्व्हरवर होते, म्हणून ऑफलाइन खेळणे मोठ्या बदलांशिवाय शक्य नाही असे सांगितले गेले. सर्व्हर कोलमडले, लोकांनी आठवडाभर रांगेत वाट पाहिली, आणि बरोबर वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, त्याच गेमला ऑफलाइन मोड मिळाला. ते काम आधीच आराखड्यात धरले असते तर ग्राहकांचा विश्वासही वाचला असता. आमच्या संघात मी दर नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत ‘सर्व्हर गेल्यावर काय उरेल?’ हा प्रश्न मांडतो आणि त्याचे उत्तर लेखी मागतो.

ॲडव्होकेट_वर्धा

कायद्याच्या प्रश्नाकडे येतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आणि त्याखालील २०२० चे ई-कॉमर्स नियम परदेशी दुकानांनाही लागू होतात, जर ते भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे वस्तू किंवा सेवा देत असतील. रुपयांत किंमत दाखवणारे आणि यूपीआयने पैसे घेणारे दुकान या व्याख्येत बसते, असे माझे मत आहे. नियमांनुसार दुकानाने तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असे बंधन आहे. तेव्हा पुढची तक्रार सर्वसाधारण मदतकक्षाकडे न पाठवता या अधिकाऱ्याच्या नावे पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, इथे नोंद करावी. तिथून वाद मिटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे तुमच्या बाबतीत रत्नागिरीत, तक्रार दाखल करता येते, आणि खरेदीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

‘वाद परदेशातील लवादाकडेच जाईल’ असे करारात लिहिलेले पाहून अनेक जण माघार घेतात. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात कायम ठेवली आहे. याशिवाय २०१९ च्या अधिनियमात ‘अनुचित करार’ ही नवी संकल्पना आली असून, वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार संपवू देणारी अट तिच्यात मोडते. अशी अट रद्द करून मागायची असेल तर मात्र जिल्हा आयोग पुरत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. एका गेमच्या किमतीसाठी कोणी तेवढा खटाटोप करत नाही आणि म्हणूनच या अटी आजवर कसोटीला लागलेल्या नाहीत. ग्राहक संघटनेने अनेकांच्या वतीने एकत्रित तक्रार करणे हा अधिक परिणामकारक मार्ग आहे.

दुसरा मुद्दा प्रतीचा. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, संगणकीय प्रोग्रॅमची प्रत वैधपणे बाळगणाऱ्याला तो हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. जीओजीचे इन्स्टॉलर स्वतःच्या दोन डिस्कवर ठेवण्यात कायद्याची काहीच अडचण नाही. कुलूप तोडणे ही निराळी गोष्ट आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ, हक्कभंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद करते. हेतूचा शब्द महत्त्वाचा असला, तरी त्याच्या भरवशावर कोणी प्रयोग करावा असे मी सांगणार नाही.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून दुकानांवर असे बंधन घातले आहे की ग्राहकाला केवळ परवाना मिळतो आहे हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावे. कायमस्वरूपी उतरवून ठेवता येणाऱ्या प्रतीला त्यातून सूट आहे. आपल्याकडे अशी तरतूद झाली आणि तिच्यात नेटशिवाय गेम चालेल की नाही हे सांगण्याची सक्तीही घातली, तर तुमच्यासारख्याची निम्मी तक्रार खरेदीपूर्वीच मिटेल. यासाठी केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाकडे निवेदन पाठवायचे असल्यास मी मसुदा तयार करून देईन.

शास्त्रीकाठ (संगमेश्वर)

सर्वांचे मनापासून आभार. ज्या गेमची तक्रार मी केली त्याच्या पानावर दुसऱ्या खात्याची सूचना खरोखर आहे, पण नेट नसेल तर तो चालणार नाही असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ही तक्रार मी आता तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवतो आहे. निवेदनाच्या मसुद्यासाठी वकीलसाहेबांना व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.

सेव्ह फाइलचा प्रश्न मात्र अजून बाकी आहे. शिवाय माझ्या भाच्याच्या संगणकावरही काही गेम बसवायचे आहेत आणि ८०-९० गिगाबाइट पुन्हा उतरवायला आमच्याकडे फार वेळ लागतो. त्यावर काही उपाय आहे का?

हार्डडिस्क_कोल्हापूर

सेव्ह फाइलबद्दल: नेट परत येण्याआधी, म्हणजे लाँचर ऑफलाइन असतानाच, सेव्हचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवावे. काही गेमच्या सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मध्ये असतात, काहींच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये आणि काहींच्या स्टीमच्या ‘युजरडेटा’मध्ये. जोडणी आल्यावर स्टीमला दोन वेगळ्या सेव्ह दिसल्या तर तो कोणती ठेवायची हे विचारतो. तिथे दोन्हींची तारीख आणि वेळ वाचून, जी या संगणकावर आहे ती निवडावी. घाईत दुसरे बटण दाबले गेले तरी कॉपी हाताशी असते. ज्या गेमबद्दल खात्री वाटत नाही त्याच्या गुणधर्मांमध्ये जाऊन क्लाउड बंद करता येते आणि पावसाळ्याचे चार महिने ते बंद ठेवणेच तुमच्या सोयीचे होईल.

दुसऱ्या संगणकासाठी: २०२३ पासून स्टीममध्ये घरातल्या घरात, एकाच राउटरवरून, एका संगणकावरून दुसऱ्यावर गेम पाठवण्याची सोय आहे. फायली वायफायने किंवा केबलने थेट जातात आणि त्यामुळे बाहेरून फारसा डेटा वापरला जात नाही. दोन्ही संगणकांवर लॉगिन हवे आणि सेटिंगमधील डाउनलोडच्या विभागात ही परवानगी चालू करावी लागते. केबल जोडली तर वेग बराच वाढतो. भाच्याचे खाते वेगळे असेल तर स्टीमच्या कुटुंब गटात त्याला घ्यावे. मात्र तो गट एकाच घरात राहणाऱ्यांसाठी आहे आणि त्यातून बाहेर पडल्यावर दुसऱ्या गटात जाण्यासाठी आधीच्या गटात सामील झाल्यापासून वर्ष पूर्ण व्हावे लागते, हे आधी लक्षात घ्यावे. फायली गेल्यावर त्या संगणकावरही प्रत्येक गेम नेट चालू असताना एकदा उघडून मुख्य मेनूपर्यंत नेऊन बंद करावा, आणि हे काम मेअखेरपर्यंत उरकावे.